चौदा नंबर निघालाच नव्हता

तुलूजला विमानतळाच्या बाजूने गेलं की लहानमोठ्या कारखान्यांची रांगच लागते. एअरबसचं मुख्यालय तिथेच, ब्लान्याकला. त्यामुळे आसपास कुठलंही दार ठोठावा, आत विमानाचा एखादा तुकडा घडत असतो. अशाच एका कारखान्यात मी इंग्रजी शिकवायला जाते. मूळची मी पुण्याची. फ्रेंच तिथे शिकले आणि आता फ्रेंचांना इंग्रजी शिकवते. (मग इंग्रजांना काय शिकवणार, असं आई अजून विचारते.)

कारखान्याचं नाव सांगत नाही, आणि ज्यांची ही हकीकत आहे त्यांचंही नाही. वर्गात मी त्यांना ‘मस्यू’ म्हणते, ते मला ‘मादाम’ म्हणतात. इथेही तेच चालवू. मस्यूंचं वय पन्नाशीच्या आगेमागे. काम म्हणजे बाहेरून आलेला माल तपासून घेणं. इंग्रजी कागद ते वीस वर्षं वाचताहेत, त्यामुळे ‘मला इंग्रजी येत नाही’ असं ते म्हणाले तरी फारसं मनावर घेऊ नये. त्यांच्याकडे शिकवणी सुरू झाली ती एका ईमेलमुळे.

ईमेल इंग्लंडहून आलेली, चार ओळींची. देवनागरीत लिहायची तर अशी: ‘सॉरी फॉर द डिले, आय टूक थर्सडे अँड फ्रायडे ऑफ. लाइन फोर्टीन हॅज बीन टेकन ऑफ. वी कॅन टेक थ्री पर्सेंट ऑफ द रेस्ट. थिंग्ज हॅव रिअली टेकन ऑफ हिअर.’

चार वाक्यं, चार वेळा ‘टेक ऑफ’. लिहिणाऱ्याच्या ते लक्षातही आलं नसणार. आपण म्हणू: उत्तराला उशीर झाला, गुरुवार-शुक्रवार सुट्टी घेतली होती. चौदा नंबर यादीतून काढला आहे. बाकीच्यावर तीन टक्के कमी करता येतील. इकडे काम एकदम जोरात चाललंय.

मस्यूंनी काय वाचलं? हा माणूस गुरुवारी-शुक्रवारी विमानाने कुठेतरी गेला होता. चौदा नंबरचा माल रवाना झाला आहे. तीन टक्के सूट. धंदा तेजीत.

म्हणजे चारांपैकी दोन बरोबर, दोन चूक. पहिली चूक निरुपद्रवी होती. दुसरी महागात पडली. चौदा नंबर म्हणजे पत्र्याच्या ब्रॅकेटांचा एक लॉट. तो येणार म्हणून मस्यूंनी सोमवारपासून मोजमापाच्या मोठ्या यंत्रावर जागा अडवून ठेवली. मंगळवार गेला, बुधवार गेला, गुरुवारी दुसऱ्या विभागाचे लोक यंत्रासाठी येऊन भांडून गेले. शुक्रवारी मस्यूंनी फोन लावला आणि ठणकावून विचारलं: सोमवारी निघालेला माल आहे कुठे? पलीकडे बराच वेळ शांतता. मग प्रश्न आला, ‘निघाला? कुठे निघाला?’

चौदा नंबर निघालाच नव्हता. आराखडा बदलला म्हणून त्याला यादीतून काढून टाकलं होतं.

फ्रान्समध्ये नोकरदाराच्या नावावर शिक्षणासाठी दरवर्षी सहसा ५०० युरोपर्यंत रक्कम जमा होते. मस्यूंनी त्यातून वीस तासांची शिकवणी लावली, आणि पहिल्याच दिवशी त्या ईमेलचा छापील कागद माझ्यापुढे ठेवला. ‘टेक ऑफ’खाली चार लाल रेघा.

वीस वर्षं इंग्रजी वाचणाऱ्या माणसाला ‘टेक ऑफ’ नडावं, याचं एक कारण त्यांच्या धंद्यातच आहे. विमानाच्या देखभालीची पुस्तकं मुद्दाम बांधून घातलेल्या इंग्रजीत लिहितात, तिला सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश म्हणतात. युरोपातल्या विमान उद्योगाने १९८०च्या दशकात ती घडवली, कारण ही पुस्तकं वाचणाऱ्या कित्येकांची मातृभाषा इंग्रजी नसते. तिचा नियम असा की एका शब्दाला एकच अर्थ, आणि फ्रेजल व्हर्ब (‘टेक ऑफ’सारखी जोडक्रियापदं) टाळायचे. बोल्ट ‘रिमूव्ह’ करायचा. ‘टेक ऑफ’ करायचा नाही. नियम शहाणपणाचाच आहे. पण त्याचा परिणाम असा झाला की ‘काढणे’ या अर्थाचं ‘टेक ऑफ’ मस्यूंच्या डोळ्यांखालून कधी गेलंच नाही. त्यांना ठाऊक होतं ते एकच ‘टेक ऑफ’, विमानाचं.

आणि ते तर त्यांच्या लेखी सोवळ्यातलं. त्यांनीच मला टेनेरिफच्या विमान अपघाताची आठवण करून दिली. २७ मार्च १९७७, धुकं, एकाच धावपट्टीवर दोन जंबो जेट. केएलएम या डच कंपनीच्या सहवैमानिकाने रेडिओवर म्हटलं, ‘वी आर नाऊ अ‍ॅट टेक-ऑफ.’ नियंत्रकाला वाटलं, उड्डाणाच्या जागी उभे आहेत. प्रत्यक्षात विमान धावत सुटलं होतं. ५८३ माणसं गेली. कारणं पुष्कळ होती, हे वाक्य त्यातलं एक. त्यानंतर रेडिओवर ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती मागे घेताना तेवढाच उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं, असा दंडक पडला. ‘आमच्याकडे या शब्दाला एकच अर्थ असतो, मादाम,’ मस्यू म्हणाले. ‘दुसरा असला तर माणसं मरतात.’

यावर मी काय बोलणार!

पहिला इलाज

मी केलं ते कुठलाही मास्तर करील तेच. अर्थांची यादी काढून दिली. विमान उडणे. कपडा काढणे. किमतीतून वजा करणे. सुट्टी घेणे. धंद्याने जोर धरणे. पळ काढणे. गाडी किंवा पदार्थ बंद करणे. एखाद्याची नक्कल करणे. प्रत्येकासमोर फ्रेंच क्रियापद: देकोले, आंलव्हे, देद्युईर, असं करत खालपर्यंत.

या वाटेने जाणाऱ्यांनी आकडे आधी बघून घ्यावेत. गार्डनर आणि डेव्हिस या संशोधकांनी २००७ साली इंग्रजीतले सर्वांत जास्त वापरले जाणारे १०० फ्रेजल व्हर्ब घेऊन त्यांचे अर्थ मोजले, ते ५५९ भरले. पुढे २०१५ मध्ये गार्निए आणि श्मिट यांनी शिकणाऱ्यांवर दया करून १५० फ्रेजल व्हर्बांचे फक्त नेहमी लागणारे अर्थ निवडले, तरी २८८ उरले. हे सगळं पाढ्यांसारखं घोकायचं म्हणजे पेन्शनीत गेल्यावरच जमायचं.

मस्यूंनी मात्र घोकलं. आठवड्याने मी परीक्षा घेतली, सगळं बरोबर. दोघंही खूश. त्याच संध्याकाळी त्यांच्या फोनवर इंग्लंडच्या त्याच सहकाऱ्याचा निरोप आला. भेटीसाठी मँचेस्टरला जायचं होतं, त्याबद्दल: ‘द सेव्हन-फोर्टी हॅज बीन टेकन ऑफ.’ सात चाळीसची गाडी रद्द केली आहे. मस्यूंनी मला लिहिलं, सात चाळीसची गाडी सुटली म्हणे, पण बैठक तर पुढच्या महिन्यात आहे, हा मला आत्ता का सांगतोय?

‘गाडी बंद करणे’ हा अर्थ यादीत सातव्या क्रमांकावर होता, आणि तो त्यांनी सकाळीच म्हणून दाखवला होता.

‘बीन’चा गोंधळ

दोन्ही चुका शेजारी ठेवल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चौदा नंबर ‘हॅज बीन टेकन ऑफ’. सात चाळीस ‘हॅज बीन टेकन ऑफ’. धंदा मात्र नुसता ‘हॅव टेकन ऑफ’, आणि तो त्यांना बरोबर कळला होता. म्हणजे अडचण अर्थांच्या संख्येची नव्हती, ‘बीन’ची होती.

फ्रेंच शिकलेल्यांना हे लगेच ओळखू येईल. फ्रेंचमध्ये बहुतेक क्रियापदांचा भूतकाळ ‘आव्वार’ लावून होतो, म्हणजे ‘असणे, जवळ असणे’ या अर्थाचं क्रियापद. पण जाणं, येणं, निघणं, चढणं, उतरणं, जन्मणं, मरणं अशा मोजक्या क्रियापदांना ‘एत्र’ लागतं, म्हणजे इंग्रजीतलं ‘बी’. पुण्यात आम्ही त्यासाठी वहीत घराचं चित्र काढायचो: दारातून आत येणारा माणूस, जिन्यावर चढणारा माणूस, खिडकीतून पडणारा माणूस. तो निघाला म्हणजे ‘इल ए पार्ती’. शब्दशः ‘तो आहे निघालेला’. आता हा कान घेऊन इंग्रजी वाचा. ‘बीन’ दिसलं की फ्रेंच माणसाला कुणीतरी निघाल्याचा भास होतो. त्यात ‘टेक ऑफ’चा त्याला पाठ असलेला अर्थही निघण्याचाच. दोघांनी मिळून चौदा नंबर रवाना केला.

आपण हसायचं कारण नाही. ‘चौदा नंबर यादीतून काढला गेला’ हे आपलं वाक्य मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसापुढे ठेवून बघा. ‘गेला’ ऐकून तो विचारील, कुठे गेला?

खात्री करायला मी सहा वाक्यं दिली, तीन ‘बीन’वाली आणि तीन साधी. साधी तिन्ही बरोबर आली. ‘बीन’वाल्यांत कोट निघून गेला, डिशेस निघून गेल्या आणि भिंतीवरचं घड्याळही निघून गेलं.

गोंद

पुढचा तास बैठकीच्या खोलीत व्हायचा होता, पण ती रिकामी नव्हती. म्हणून आम्ही मालाच्या खोलीतच बसलो. मस्यूंच्या टेबलावर एक खोका होता आणि बोलता बोलता ते अंगठ्याच्या नखाने त्यावरचं जुनं लेबल उचकटत होते. कोपरा सुटला, पुढे फाटला, त्यांनी पुन्हा दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. मी इंग्रजीत विचारलं, काय करताय? उत्तर आलं, ‘आय रिटायर द लेबल.’

फ्रेंचमध्ये ‘रतिरे’ म्हणजे काढणे. त्यावरून थेट ‘रिटायर’. ही त्यांची जुनी पळवाट. ‘टेक ऑफ’ची भीती वाटली की फ्रेंचसारखं दिसणारं लांबलचक इंग्रजी क्रियापद धरायचं. त्यांच्या पत्रांत कोट रिटायर होत असत, आणि यादीतल्या ओळी ‘सप्रेस’ होत असत, कारण फ्रेंच ‘स्युप्रिमे’ म्हणजे रद्द करणे. इंग्लंडचे लोक सभ्य, कुणी विचारलं नाही की लेबलाला पेन्शन किती बसली.

मी म्हटलं, असू दे, फ्रेंचमध्ये सांगा. ‘झ देकोल लेतिकेत.’ लेबल सोडवतोय. ‘कोल’ म्हणजे गोंद. ‘देकोले’ म्हणजे गोंदापासून सुटं करणं. मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. आणि ते विमान? ‘इल देकोल.’ ते उडतंय.

त्यांचं नख थांबलं.

विमानाच्या ‘देकोले’त गोंद आहे हे कुठल्याही फ्रेंच माणसाला सांगितलं तर पटतं, पण रोजच्या बोलण्यात त्याच्या ते मनातही येत नाही. विमान जमिनीपासून सुटतं, लेबल खोक्यापासून सुटतं. धंदासुद्धा फ्रेंचमध्ये ‘देकोल’ होतो, म्हणून ईमेलमधलं चौथं वाक्य त्यांना न शिकवता कळलं होतं. मित्रांच्या घोळक्यात ‘ऑं देकोल’ म्हणजे ‘चला, निघू या’. म्हणजे यादीतले निम्मे अर्थ मस्यूंच्या स्वतःच्या एका शब्दात आधीपासून होते, आणि त्यांचे दोन गटही पडलेले होते. विमान आपलं आपण सुटतं. लेबल कुणीतरी सोडवावं लागतं.

मग मी यादीचा कागद उलटा ठेवला आणि एकच काम दिलं. ‘टेक ऑफ’ दिसलं की ‘क्वा?’ असं विचारायचं, म्हणजे ‘काय?’. काय काढलं, याचं उत्तर वाक्यात सापडलं की ते लेबल. सापडलं नाही की ते विमान. आणि ‘बीन टेकन’ दिसलं तर ते नक्की लेबलच, नख कुणाचं ते सांगितलेलं नाही इतकंच. चौदा नंबर खोक्यावरचं लेबल. सात चाळीसची गाडी वेळापत्रकावरचं लेबल. तीन टक्के किमतीवरचं लेबल. एका तासात त्यांनी ईमेलच्या चारही रेघा खोडल्या.

मला स्वतःला यात मौज वाटली ती मराठीमुळे. हा भेद आपण बिनबोभाट करतो, कारण आपल्याकडे शब्दच बदलतो: सुटणे आणि सोडणे. गाडी सुटते, शाळा सुटते, गाठ सुटते, वारा सुटतो, पोटही सुटतं, आणि यातलं कुणी कुणाला सोडत नाही. ‘गाडी सुटली’ आणि ‘गाडी सोडली’ यांत मराठी पोर गोंधळत नाही. इंग्रजीने दोन्हीसाठी एकच रूप ठेवलं आणि फरक सांगायचं काम वाक्याच्या बांधणीवर टाकलं.

आणखी एक गोष्ट मी मस्यूंना सांगितली नाही, पण इथे सांगायला हरकत नाही. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना तो श्लोक आठवेल: ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते, प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्.’ धातू एकच, ‘हृ’, म्हणजे नेणे. उपसर्ग त्याला बळेच कुठल्या कुठे ओढून नेतो. फ्रेजल व्हर्बचं यापेक्षा नेमकं वर्णन मला इंग्रजी व्याकरणात सापडलेलं नाही. ‘ऑफ’ तर आपल्या ‘अप’चाच नातेवाईक आहे, दोघांचं मूळ एक. ‘अप’ आणि ‘हृ’ मिळून अपहरण. म्हणजे शब्दशः ‘टेक ऑफ’च. आणि फ्रेंच ‘आंलव्हे’चे अर्थ बघा: कोट काढणे, आणि माणूस पळवणे. त्याचं नाम ‘आंलव्हमाँ’ बातम्यांत अपहरणासाठी येतं आणि नगरपालिकेच्या सूचनेत कचरा उचलण्यासाठी.

श्लोकापेक्षाही कामाची निघाली ती वैदिक सवय. वेदांत उपसर्ग धातूला चिकटूनच राहतो असं नाही. तो नंतर येऊ शकतो, मध्ये दुसरे शब्दही बसू शकतात, आणि पाणिनीने याची सूत्रंच दिली आहेत. इंग्रजी आजही तेच करते. ‘टेक द लेबल ऑफ’ चालतं, ‘टेक ऑफ द लेबल’ही चालतं. पण ‘ते’ म्हणायचं असेल तर ‘टेक इट ऑफ’च, ‘टेक ऑफ इट’ नाही. फ्रेंचमध्ये हे ‘ते’ क्रियापदाच्या आधी बसतं, ‘झ लांलेव्ह’, त्यामुळे मध्ये फट पाडून तिथे ते खुपसायचं हे फ्रेंच जिभेला विचित्रच वाटतं. मस्यू सहा आठवडे ‘टेक ऑफ इट’ म्हणत राहिले. शेवटी मी त्यांच्या बिल्ल्याकडे, टोपीकडे, चष्म्याकडे बोट दाखवायचं आणि त्यांनी ‘टेक इट ऑफ’ म्हणत ती वस्तू काढायची, असा खेळ लावला. बुटांपर्यंत आलो तेव्हा दारात त्यांचे साहेब उभे होते.

न बसलेले दोन

लेबलाची युक्ती सगळीकडे चालली नाही. ‘टेक अ डे ऑफ’मध्ये ‘क्वा?’चं उत्तर मिळतं, एक दिवस. पण तो कशावरून काढला? मी म्हटलं, कामाच्या कॅलेंडरवरून. मस्यूंना ते पटलं नाही, आणि खरं तर मलाही ओढूनताणूनच वाटत होतं. फ्रेंच लोक सुट्टी काढत नाहीत, ती ‘ठेवतात’: ‘पोझे अँ झूर’. त्यामुळे त्यांच्या एका पत्रात ‘आय पुट फ्रायडे’ असं वाक्य गेलं होतं आणि पलीकडून ‘पुट इट व्हेअर?’ असं उत्तर आलं होतं. इथे शेवटी घोकंपट्टीच केली. मराठी माणसाला मात्र हा अर्थ फुकट मिळतो, कारण रजा आपण ‘काढतो’च.

दुसरा न बसलेला अर्थ नकलेचा. ‘ही टेक्स ऑफ द बॉस’ म्हणजे साहेबांची नक्कल करतो. डॉ. जॉन्सनने १७५५च्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय की क्रियापदाला मागून शेपूट जोडायची ही इंग्रजीची पद्धत परक्यांना सर्वांत अवघड जाते. उदाहरणांच्या यादीत त्याने ‘टेक ऑफ’ घेतलं, आणि अर्थ दिला तो नक्कल करण्याचा. तेव्हा विमानं नव्हती, साहजिकच आहे. आता तो अर्थ मागे पडत चाललाय, म्हणून मी तो गाळून टाकू असं सुचवलं. मस्यू ऐकेनात. त्यांना तोच सर्वांत आवडला होता, आणि बुटांच्या प्रसंगानंतर साहेबांची नक्कल ते फार छान करत होते.

वीस तास मार्चमध्ये संपले. एप्रिलमध्ये त्यांनी मला एक ईमेल पुढे पाठवली. इंग्लंडच्या माणसाने एकच ओळ लिहिली होती: ‘थर्सडेज मीटिंग इज ऑफ.’ गुरुवारची बैठक रद्द.

वर मस्यूंचा प्रश्न होता: ‘मादाम, यात टेक कुठे गेलं?’